हेतलचं रुंद चित्र

३ जानेवारी, डहाणू
आजचा दिवस काळ्या अक्षरांत लिहावा. माझ्या कपातून हेतलने चहा प्यायला. बावीस वर्षं या केबल चॅनेलच्या मिक्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यांची चित्रं जोडणाऱ्या यंत्रावर बसतोय, कपावर माझं नाव आहे. आणि दोन वर्षांपूर्वी तलासरीहून आलेली ही म्हणते, "सदाकाका, धुऊन ठेवलाय ने!"

तिचा नवा हट्ट: रुंद चित्राचा कॅमेरा आपल्या जुन्या, चौकोनी चित्राच्या मिक्सरला जोडायचा. मालक महेशभाई खूश. जमलं तर मिक्सरवर तीच बसेल म्हणाले. माझ्यासमोर. हसत.

५ जाने.
हेच मी तीन महिने करून पाहिलं होतं. न जमलेलं कोण सांगतं?

८ जाने.
तिची चाचणी. मॉनिटरवर माणसं अगरबत्तीसारखी बारीक. जीव गार झाला. "हेतल, डहाणूत दुष्काळ पडला का गं?" ती जेवायला गेल्यावर कॅमेऱ्याचं सेटिंग बदललं. 'सुधारलं' असं लिहिणार होतो, पण बिघडवलंच.

९ जाने.
महेशभाईंसमोर माणसं भोपळ्यासारखी फुगली. तिने कॅमेरा पाहिला, मग मला. "भाई, माझीच चूक," म्हणाली आणि सेटिंग परत फिरवलं.
तर तिची युक्ती अशी: मिक्सरमध्ये चित्र मुद्दाम दाबलेलंच ठेवायचं, बाहेर पडताना एका छोट्या कन्व्हर्टर-डबीतून पुन्हा पसरायचं. जुन्या मिक्सरला पत्ताच लागत नाही. इतकं सोपं. मला का नाही...

११ जाने., तलासरी
तारपानाचाची तालीम. हेतलच्या चित्रात नाचणाऱ्यांची अख्खी रांग मावली. तारपा वाजवणारे आजोबा टीव्हीकडे बघून म्हणाले, "आज शेपटीपर्यंत दिसतंय." म्हणजे बावीस वर्षं शेपटी मी कापत होतो. बोललं नाही कुणी. निदान मला.

१२ जाने.
उद्या थेट प्रक्षेपण. हेतल एक गोष्ट विसरली आहे: पडद्यावर खाली येणाऱ्या नावांच्या पट्ट्या. त्या मी बनवतो, थेट मिक्सरमध्ये टाकतो. दाबलेल्या नाहीत. उद्या डबीतून बाहेर पडताना सरपंचांचं नाव ताणून म्हशीएवढं होईल, महेशभाई बघतील, माझी जागा शाबूत. मला तोंडसुद्धा उघडायला नको.
झोप काही नीट...

१३ जाने., तलासरी
सकाळी सगळ्यांच्या आधी आलो. सगळ्या पट्ट्या दाबून बारीक केल्या, एकेक करून. हेतल आली, मॉनिटरवरची काटकुळी अक्षरं बघून थबकली.
"काका, हे तर मी..."
"वायरी बघ आधी."
दहाला प्रक्षेपण. मिक्सरवर कोण बसणार ते महेशभाई आल्यावर कळेल.