बाबांनी सोडलेला माग

५ नोव्हें. २००६, रविवार
वाघोलीतलं घरामागचं प्लॉटिंग. गवतावर अजून दव. भिंगरीने आज दोन वळणांचा माग काढला! वळणाशी थोडी पुढे गेली, थांबली, मान वर, परत मागे आली, नाक खाली, आणि वळली. तिला नेमका कशाचा वास येतो? बाबांच्या बुटांचा, की चिरडलेल्या गवताचा? शेखसरांना विचारलं. पोलिसांच्या श्वान पथकात नोकरी झाली त्यांची. आता रविवारी आमच्यासारख्या हौशी लोकांना आणि त्यांच्या गावठी कुत्र्यांना शिकवतात. म्हणाले, दोन्हीचा असेल, तिलाच विचारा. मला कामं दोनच: दोर ढिला ठेवायचा आणि तोंड बंद. दुसरं जड जातं.

माग सोडणारे अर्थात बाबा. ते पुढे चालत जाणार, शेवटी स्वतःचा मोजा टाकणार, लांबून वळसा घालून परत येणार. मग मला रस्ता सांगणार, म्हणजे भिंगरी चुकली तर कळावं. खडकीच्या कारखान्यात जन्मभर ड्रॉइंग काढलेला माणूस, सांगणंही तसंच. बाभळीपर्यंत सरळ, तिथून काटकोनात डावीकडे. आई गेल्यापासून खुर्ची सोडत नव्हते. आता आदल्या दिवशीच विचारतात, उद्या कुठे चालायचं.

११ नोव्हें., शनि.
डांबरी रस्ता. मधोमध भिंगरीला काहीच मिळत नाही, कडेच्या मातीत मिळतं. वास उडून कडेला साचतो का? ट्रक गेला की सगळं विस्कटतं, मग ती गोल गोल फिरून पुन्हा जुळवते. कसं?? ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते, पण इतकी मजा बऱ्याच वर्षांत आली नव्हती.

१९ नोव्हें., रवि.
नांगरलेलं रान. बाबांच्या सांगण्याप्रमाणे बांधाने सरळ विहिरीपर्यंत. भिंगरी मधूनच उजवीकडे, दगडखाणीच्या दिशेने. ओढून आणली. पुन्हा तिकडेच. शेवटी फरफटत विहिरीशी नेली, तर मोजा नाही. कुणीतरी उचलला असणार, बाबा म्हणाले. एकाच पायातला, मळका मोजा. वाघोलीतल्या चोरांना एवढे वाईट दिवस आले नसावेत.

शेखसर बघत होते. "मॅडम, मुलगी गोड आहे. पण कामात लक्ष नाही. घरी पाळा."

फार लागलं. येताना गाडीत बाबाच भिंगरीची बाजू घेत होते. लहान आहे, शिकेल.

२५ नोव्हें., शनि.
परत तेच. मुरमाच्या रस्त्यावर व्यवस्थित चालली, ओढ्याशी भलतीकडेच. मी ओढलं. सांगितल्या जागी आजही मोजा नाही. आता मी दोर आवळला की ती खाली बसते आणि माझ्याकडे बघते. रागावले तिच्यावर. मग स्वतःचाच राग आला.

एक कळत नाही. चुकते तेव्हाही नाक खाली, शेपूट ताठ, इकडेतिकडे बघणं नाही. भरकटलेलं कुत्रं असं चालेल? ऑफिसात असं काही दिसलं की मी आधी विचारते, बरोबर उत्तर कुणी ठरवलंय. इथे बरोबर उत्तर बाबांचं. आणि बाबा...

२६ नोव्हें., रवि.
शेखसर आज नव्हते. रानाला पाणी दिलेलं, माती ओली. बाबांनी सांगितलं, बांधाने सरळ, कडुलिंबाशी डावीकडे. भिंगरी कडुलिंबाशी उजवीकडे वळली. जा म्हटलं, कुठे जायचंय ते.

थेट खाणीच्या वरच्या अंगाला. मोज्यापाशी जाऊन आडवी झाली. वाटभर ओल्या मातीत बाबांच्या कॅनव्हास बुटांचे ठसे, शेजारी त्यांच्या काठीची भोकं. शेवटचा ठसा कड्याच्या अगदी जवळ.

तिला कुशीत घेऊन तिथेच बसले. ती चुकली नव्हती. आजच नाही, आधीच्या दोन्ही वेळीही नसणार. आनंद झाला, खरंच झाला. आणि मग कड्याजवळच्या त्या ठशाकडे पुन्हा बघितलं.

बाबा गाडीशी उभे होते. मोजा दाखवला.

"खाणीकडे? मी कशाला जाईन तिकडे?"

अगदी ठाम. मग त्यांची नजर स्वतःच्या बुटांवरच्या चिखलाकडे गेली आणि तिथेच राहिली. मी गाडीचं दार उघडलं.

२८ नोव्हें., मंगळ.
डॉक्टरांची वेळ घेतली, पुढच्या गुरुवारची. बाबांनी कशाला म्हणून विचारलं नाही. एरवी दहा प्रश्न विचारले असते. शेखसरांना फोन केला. भिंगरी बरोबर होती एवढंच सांगितलं, बाकीचं सांगवेना. म्हणाले, रविवारी येतो, तिची माफी मागायचीय.

माग सोडणं बंद केलं तर बाबा पुन्हा खुर्चीत. चालू ठेवलं तर एखाद्या दिवशी... भीती वाटते. सरळ आहे, भीती वाटते.

३ डिसें., रवि.
बाबांना घरीच ठेवायचं ठरवलं होतं. ते माझ्याआधी बूट घालून दारात. म्हणून मुद्दाम लांब, वारज्याच्या टेकडीखालचा माळ. इथे खाण नाही, विहीर नाही. शेखसर आलेत, भिंगरीला बिस्किटं देऊन माफी मागून झाली.

म्हटलं, बाबा, मी येते ना बरोबर. नको म्हणाले. तू आलीस तर वास मिसळेल. नियम आता त्यांनाच जास्त पाठ.

मग शेखसरांपासून जरा बाजूला नेलं मला.

"आल्यावर रस्ता विचारू नकोस, नंदू. हल्ली मला सांगता येत नाही. हिला विचार." काठी नीट धरत म्हणाले, "आणि मी आलो नाही, तरी हिलाच विचार."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

गेले. काठी टेकत, ऐटीत. झुडपांपर्यंत दिसत होते.

हे गाडीच्या बॉनेटवर लिहितेय. हातांना काहीतरी काम हवं म्हणून. वळसा घालून यायला लागतो तेवढा वेळ होऊन गेलाय. शेखसर घड्याळ बघतायत आणि मला दिसू नये असं बघतायत. वारा टेकडीकडून, बाबा गेले तिकडून, इकडे येतोय.

भिंगरी उठून उभी राहिली.