वॉरिंगडेलच्या झेंड्यावरचं नाव

वॉरिंगडेल, मेलबर्न
१४ सप्टेंबर २०२४

प्रिय अहो,

सप्रेम नमस्कार वि. वि.

कानातलं यंत्र कपाटात ठेवून फोनवर बोलायचा तुमचा हट्ट काही सुटत नाही, आणि माझ्यात आता ओरडायची ताकद नाही. म्हणून पत्र लिहिते आहे. आपली लेक मयूरा त्याचा फोटो काढून तुमच्या फोनवर पाठवेल. अक्षर मोठं करून वाचा आणि उत्तरही असंच लिहा.

इकडे सगळे मजेत. आपली नात देवयानी आता प्लेग्रुपला जाते. ती खेळते तेवढा वेळ मी शेजारच्या लायब्ररीत बसते. हे शहर नवंकोरं, क्रेगीबर्न उपनगराच्याही पुढे माळावर वसवलेलं. त्याला स्वतःचा झेंडा नाही, म्हणून कौन्सिलने स्पर्धा ठेवली आहे. पाहुण्यांनीही भाग घेतला तर चालेल, असं लायब्ररीतल्या बाईंनी मला आपणहून सांगितलं. अट एकच, लहान मुलालाही आठवणीने काढता आलं पाहिजे.

सगळे कांगारू काढतायत. मी मॅगपायचं पीस काढलं. हा इथला पक्षी, कावळ्याएवढा, काळा-पांढरा. या दिवसांत पिल्लांच्या काळजीने येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोक्यावर झेपावतो. मला दोनदा छत्री उघडायला लावली. खाली वाळक्या गवताचा पिवळा रंग, वर निळा, आणि मधून तिरकं ते पीस. देवयानीने पाहिल्या पाहिल्या तसंच भिंतीवर काढलं, त्यामुळे अट पुरी झाली.

अर्ज माझा मी भरला. गॅसपासून पासपोर्टपर्यंत तुम्ही ज्या क्रमाने भरता त्याच क्रमाने: टिपणीस चित्रलेखा पद्माकर. मयूराला विचारावंसुद्धा लागलं नाही.

लोभ कमी होऊ देऊ नका आणि रक्तदाबाची गोळी चुकवू नका.

तुमची,
सौ. चित्रा


चिंचवड
२० सप्टेंबर २०२४

प्रिय चित्रा,

अनेक आशीर्वाद. (तू हसशील, पण माझे वडील आईला असंच लिहायचे.)

पत्र पोचलं. झेंड्यावर सूर्य, चंद्र, सिंह पाहिलेत. पीस प्रथमच ऐकतो आहे. माझ्या डोळ्यांसमोर फाटकी उशी आली. पण रंग छान आहेत, हे कबूल. त्यात कुठे अक्षरं घालू नकोस, वाऱ्यावर कोणी वाचत बसत नाही.

अर्ज तू एकटीने भरलास याची जरा काळजी वाटली. तुला सवय नाही, आजवर मीच भरत आलो. क्रम बरोबर आहे म्हणा. इकडे कुकरची रिंग गेली आहे, तुझी दुसरी कुठे ठेवली आहेस ते सापडत नाही. हास्यक्लबात विलास रोज तुझी चौकशी करतो. नंबर आला नाही तर मनाला लावून घेऊ नकोस. डिसेंबरात येशील तेव्हा आपल्या गच्चीवर तुझा झेंडा लावू.

ममता आहेच, ती इकडे ताजी ठेवली आहे.

तुझा,
पद्माकर


वॉरिंगडेल
२ नोव्हेंबर २०२४

प्रिय अहो,

सप्रेम नमस्कार वि. वि.

आज पाडवा. ओवाळायला तुम्ही समोर नाही, म्हणून शंतनूला मयूराने ओवाळल्यावर मी तुमच्या फोटोपुढे ताट फिरवलं. आता बातमी ऐका. माझा झेंडा निवडला! माझं पीस या शहरावर फडकणार. मला दोन दिवस जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला.

परवा कौन्सिलचं पत्र आलं. त्यात मिस्टर टिपणीस सी. पद्माकर यांचं अभिनंदन केलं आहे. इथे आपलं नाव पहिलं लिहितात आणि आडनाव शेवटी. त्यांनी आपल्या घराण्याचं नाव टिपणीस हे माझं नाव धरलं, तुमचं नाव आडनाव धरलं, आणि माझं उरलं ते नुसतं सी. मिस्टर कुठून आणलं ते त्यांनाच ठाऊक. स्थानिक पेपरातही तसंच छापून आलं.

मयूरा पोट धरधरून हसली. नो वरीज आई, तूच केलंयस हे सगळ्यांना माहीत आहे, असं म्हणाली. शंतनू म्हणाला, नाव घरातच राहिलं की. मीही हसले. मग भांडी लावताना हसू आलं नाही. ध्वजस्तंभाखाली पितळी पाटी बसणार आहे आणि ती पंधरा तारखेला ओतायला जाणार. मी काय करू, ते सांगा.

लोभ असू द्यावा, आज पाडव्याचा जरा जास्त.

तुमची,
सौ. चित्रा


चिंचवड
६ नोव्हेंबर २०२४

प्रिय चित्रा,

अनेक आशीर्वाद आणि मनापासून अभिनंदन.

उशीची थट्टा मागे घेतो. पेपराचं कात्रण मयूराने पाठवलं, ते मी हास्यक्लबात दाखवलं. मिस्टर पद्माकर वाचून विलासने एकच गलका केला आणि काल बागेतच मला शाल आणि श्रीफळ दिलं. मी सांगत होतो की हे तिचं काम आहे, पण टाळ्यांत कोणाला ऐकू जातंय! खरं सांगायचं तर बरं वाटलं. श्रीफळाच्या वड्या करायला तू हवी होतीस.

पाटीचं म्हणशील तर आता जाऊ दे. परक्या देशात पाहुणे आहोत आपण. आधी अर्ज चुकीचा भरायचा आणि मग तक्रार करायची, बरं दिसत नाही. झेंडा तुझाच आहे, माझ्या नावाने का होईना. अगदीच वाटत असेल तर कौन्सिलला माझ्या सहीने एक चांगलं इंग्रजी पत्र लिहून देतो.

ममता वाढती ठेव, रागावू नकोस.

तुझा,
पद्माकर


वॉरिंगडेल
१३ नोव्हेंबर २०२४

प्रिय अहो,

सप्रेम नमस्कार वि. वि.

रागावले आहे. सरळ सांगते, म्हणजे तुम्हाला शोधत बसायला नको.

शाल परत करा असं म्हणत नाही, थंडी येते आहे. पण सोसायटीच्या गणपतीची आरास वीस वर्षं मी केली आणि अहवालात दर वर्षी श्री. टिपणीस व कुटुंबीय छापून आलं. तेव्हा मला काही वाटत नसे, किंवा वाटलेलं मी बोलत नसे. या वेळी वाटलं. तुमचं पत्र वाचून रडू आलं आणि मग चीड आली. माझ्या झेंड्याच्या चुकीला तुमच्या सहीचं पत्र! मला ते नको आहे.

काल देवयानीला प्लेग्रुपला सोडलं आणि एकटी बसने कौन्सिलच्या ऑफिसात गेले. मयूराला सांगितलं नाही, ती सुट्टी काढून आली असती आणि माझ्या वतीने बोलली असती. काउंटरवर मयूराहून लहान मुलगी होती. मी म्हटलं, मी मिस्टर नाही. ती आधी गोंधळली, मग तिने माझा अर्ज शोधून काढला. माझं इंग्रजी अडखळत होतं, तिला घाई नव्हती. टिपणीस कोण, तिने विचारलं. सासरचं घराणं, मी म्हटलं. पद्माकर कोण, तिने विचारलं. उभ्या जन्मात मी चारचौघांत तुमचं नाव घेतलं नव्हतं, ते घेतलं आणि नवरा म्हणून सांगितलं.

मग तिने कागद माझ्याकडे फिरवला आणि विचारलं, या तीनपैकी तुमचं कुठलं?

मी मधल्या नावावर बोट ठेवलं.

बाकीची दोन मागेपुढे घालू का, असं तिने अगदी आदराने विचारलं. मला क्षणभर तुम्ही आठवलात, मामंजीही आठवले. नको म्हटलं. पाटीवर एकच नाव येईल.

झेंडा आठ डिसेंबरला चढणार. मी तो बघूनच निघेन, तिकीट पुढे ढकललं आहे. विलासभावजींना झेंडा कोणाचा ते बागेत, टाळ्या थांबल्यावर, तुम्हीच सांगायचं आहे.

लोभ आहेच. रागही आहे, तो उतरला की कळवीन.

चित्रलेखा