तिघांचं मंडळ आणि वरच्या मजल्याचा जिना

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार (पाठ धरली आहे, म्हणून मनातल्या मनात घातला). तुमचा खोकला कसा आहे, आणि मामींना तो कितपत सहन होतो? इकडे सगळे मजेत आहेत. मी तर चक्क विजयी आहे. आमचा वरचा मजला पुरा झाला आणि एकाही भांडणापायी काम अडलं नाही. याचं श्रेय तुमचं, असं मी घरात सांगून ठेवलं आहे (दोषही तिकडेच पाठवता यावा म्हणून).

तुमच्या पुलाच्या कामात भांडण व्हायच्या आधीच तीन त्रयस्थ जाणकार नेमून ठेवायचे, ते अधूनमधून चक्कर मारायचे, वाद निघाला की तिथेच निकाल द्यायचे, आणि तो आधी पाळायचा, कुरकुर मागाहून, हे तुम्हीच सांगितलं होतं. मी ते जसंच्या तसं उचललं. ठेकेदाराला म्हटलं, एक जाणकार माझा, एक तुझा, ते दोघं तिसरा निवडतील. कुणाच्या नावाला हरकत असेल तर कारण सगळ्यांदेखत सांगायचं. मी आमचे गणिताचे जुने मास्तर नेमले (छड्या त्यांनी मला आणि ठेकेदाराला सारख्याच मारल्या आहेत, म्हणजे माणूस निःपक्षपाती). ठेकेदाराने डोकं खाजवलं आणि तुमच्या भाचेसुनेचं नाव घेतलं. म्हणाला, "वहिनींइतकं स्वतंत्र मत या घरात कुणाचं आहे, साहेब?" हरकतीचं कारण सगळ्यांदेखत सांगायचं होतं आणि सगळ्यांत ती पुढे उभी होती. मी हरकत नाही म्हटलं. मग मास्तरांनी आणि हिने मिळून आईला निवडलं, कारण आमच्या लग्नापासून ती कुणाच्याच बाजूने बोललेली नाही.

मंडळाने दोन्ही पक्षांचा चहा घ्यायचा नाही, हा नियमही माझाच. त्यामुळे बायको आणि आई माझ्याच घरात माझ्या चहाला शिवेनात, करायलासुद्धा. त्यांना शेजारून किटली यायची आणि मी, ज्याच्याशी भांडायचं त्या ठेकेदाराच्या थर्मासवर दिवस काढले. न्हाणीघराच्या उताराचा वाद मी हरलो, खिडकीचाही हरलो, पण कसं झटपट हरलो! गवंड्याच्या हातातली थापी खाली ठेवायची वेळ आली नाही.

खरा वाद जिन्याचा. जिना उभा आणि अरुंद केला तर वर माझ्या टेबलापुरती एक खोली निघत होती, आणि सबंध मजल्याचा घाट मी त्या खोलीसाठीच घातला होता. ठेकेदार म्हणे, पायऱ्या बुटक्या आणि रुंद हव्यात. मास्तरांनी भिंतीवर खडूने गणित मांडलं आणि मंडळाने ठेकेदाराच्या बाजूने कौल दिला. माझी खोली गेली. मी ताडकन उभा राहिलो. आईचे गुडघे धरलेले. बुटक्या पायऱ्यांत तिचाच फायदा, मग ती त्रयस्थ कशी? मी तोंड उघडणार तोच तुमची ताई हळूच म्हणाली, "माझं मत धरू नका. मला वर काय काम आहे?"

गुडघे धरल्यापासून ती जुन्या गच्चीवरसुद्धा गेली नव्हती, मामा. मी खाली बसलो (उठलो होतो ते पाठ अवघडली म्हणून, असं सांगितलं). जिना झाला त्या दिवशी ती कुणाचा हात न धरता वरच्या गॅलरीत पोहोचली आणि तिथून ओरडून म्हणाली की टाकीचं झाकण तिरकं बसलंय. मला फार भरून आलं. झाकण खरंच तिरकं होतं.

मामींना नमस्कार.

तुमचा, आता सगळ्यांचाच आज्ञाधारक,
भाचा

ता. क. माझं टेबल ठेवायला घरात जागा उरली नाही. तुमच्याकडे पाठवू का? सोबत खुर्ची, आणि खुर्चीत थोडे दिवस मी. काम संपलं तरी मंडळ उठायला तयार नाही. काल माझ्या घोरण्यावर सुनावणी झाली.

ता. ता. क. वरची विनंती रद्द समजावी. पत्र मंडळाने वाचलं. टेबल वरच्या गॅलरीत, आईच्या खुर्चीशेजारी लावायचं, असा निकाल झाला आहे. एवढा एकच वाद मी जिंकलो, आणि तो मी मांडलाच नव्हता.