आज भात काय झालाय

सोमवार, ता. ७
आज आले: पाव १, कालचा, बेकरीवाल्याने निम्म्या किमतीत दिला, १०.००. केळी ६, डागाळलेली, ९.००. दूध १ लिटर, २८.००. नात भिंगरी, वय सहा, बॅगेसह. गाडीभाडे लेकीने दिले, निरंक.

लेकीला तीन महिन्यांचे ट्रेनिंग आहे. तोवर भिंगरी कुणाकडे, माझ्याकडे की विहीणबाईंकडे, हा प्रश्न. लेक म्हणाली, आई, रविवारी येते. सकाळी काही खात नाही गं ही. तुझ्याकडे नीट खाल्लं तर इथेच ठेवीन. मी म्हटले, मी मॅट्रिक आहे, गृहशास्त्रात अडुसष्ट मार्क. निश्चिंत जा.
संकल्प: आठवडाभर नाश्त्याला विकतचे आणायचे नाही. घरात उरते त्यातूनच करायचे. विहीणबाईंकडे म्हणे सगळे विकतच्या डब्यातून येते.

मंगळवार, ता. ८. सकाळी ८
रात्रीचा भात दोन वाट्या उरला होता. त्यात शिळ्या पावाचा चुरा घालून तव्यावर चपटे भाजले. नाव दिले मॉर्निंग टिक्की. भिंगरीने एक कोपरा खाऊन विचारले, कालचा भात आहे ना? पोरगी हुशार आहे, आमच्या वळणावर गेली आहे. ह्यांनी दोन घेतल्या, एक खाल्ली, एक खिशात टाकली. फिरताना खाईन म्हणाले. डॉक्टर वर्षभर फिरा म्हणून सांगत होते, आत्ता कुठे ऐकले.
भिंगरी शेजारच्या नर्सबाईंचे मांजर बघायला गेली. येताना तोंड धुऊन आली. स्वच्छतेची आवड आहे.

बुधवार
उरलेल्या नऊ टिक्क्या दुधात कुस्करल्या, दोन केळी, वाटीभर साखर. पुडिंग. भिंगरीने विचारले, आजी, आज भात काय झालाय? मी म्हटले, भात नाही, पुडिंग आहे. ती म्हणाली, हो, पण आत कोण आहे? मग मांजराला बरे नाही म्हणून घाईने गेली. मुक्या जनावराची दया असणे चांगले.

गुरुवार
पहाटेपासून चैन नाही. जपाचे मणी मोजता मोजता रविवारला किती दिवस ते मोजू लागले. देवाची क्षमा मागितली.
पुडिंग सैल होते. ताजा पाव (नाइलाज) २०.००, लोणी ४५.०० घालून आटवले, वड्या थापल्या. हा खर्च नाश्त्यात धरायचा नाही. नाश्ता फुकटच झाला. लोणी वेगळ्या पानावर लिहिले.
हे म्हणाले, अगं, त्या भाताला आता जाऊ दे. मी म्हटले, अन्न टाकायचे पाप माझ्या हातून होणार नाही. हे म्हणाले, टाकू नकोस, पण छळू तरी नको. आणि फिरायला गेले. हल्ली तासभर फिरतात, तरी पट्टा घट्ट होतोय म्हणतात.

शुक्रवार
वड्या दगड झाल्या. म्हणजे बिस्किटांना योग्य. मंद गॅसवर दोन तास भाजल्या. हे हातोडी शोधत होते, कशाला ते सांगितले नाही.
भिंगरीने चित्र काढले. भाताचे दाणे रांगेने चालले आहेत, प्रत्येकाच्या हातात बॅग. फ्रिजवर चिकटवले. आवडल्याशिवाय कुणी चित्र काढत नाही.

शनिवार, ता. १२. दुपारी ३
बिस्किटे दळायला घेतली. मिक्सर बंद पडला. दुरुस्तीवाला म्हणाला, काकू, ह्यात सिमेंट दळलंत का? हल्ली कारागिरांना बोलायचे भान नाही. निम्मी पावडर झाली आहे. उद्या दुधातून देईन, लेकीच्या समोर.
सहा दिवसांत भाताचा एक कण वाया नाही. भिंगरी राहणार, यात शंका नाही. तिच्या कपड्यांसाठी कपाटाचा खालचा खण रिकामा केला. दोनदा पुसला. मग उगीच पुन्हा एकदा.

रविवार. सकाळी १०
लेक साडेसातलाच आली. सगळे टेबलाशी बसलो. भिंगरीने पेल्यात डोकावून आईला सविस्तर सांगितले. मंगळवारी तो टिक्की होता, मग पुडिंग, मग वडी, मग बिस्किट, आता पावडर. उद्या परत भात होणार का गं? लेक हसली. मग हसायची थांबली.
तेवढ्यात दारात नर्सबाई, हातात झाकलेली ताटली. म्हणाल्या, आठ वाजून गेले, आज दोघंही आले नाहीत, म्हटलं बरं नाही की काय, म्हणून इकडेच घेऊन आले. लेकीने विचारले, दोघं कोण? हे पेपर वाचू लागले. पेपर कालचा होता.
नर्सबाईंना पेशंटना भरवायची सवय. त्या सवयीला कोण काय करणार?
लेक म्हणाली, आई, रागावू नकोस, पण सासूबाईंकडेच ठेवते. मी रागावले नाही. बॅग भरून दिली. निघताना भिंगरीने गळ्यात हात टाकले आणि कानात म्हणाली, आजी, तू पण चल ना, मी माझ्यातलं देईन. पोहोचवायला हे गेले आहेत. संध्याकाळच्या गाडीने परत येतील.

गुरुवार, ता. १७
हे अजून आले नाहीत. विहीणबाईंकडे फोन नाही. सकाळी चहा एकटीने घेतला, सोबत काही केले नाही. पोस्टकार्ड टाकले. नक्कल ठेवते:

सौ. विहीणबाईंस सप्रेम नमस्कार. इकडे देवाच्या कृपेने सर्व ठीक. घर शांत असल्यामुळे कामे भराभर उरकतात, आणि मग करायला काही राहत नाही. एकटीपुरतेच शिजवते, त्यामुळे काही उरतही नाही. आमच्याकडे भिंगरी सर्व आवडीने खात असे, हे आपणांस माहीत असेलच. तरी वहीत नोंद असावी म्हणून विचारते. ती आणि हे, दोघे आपल्याकडे सकाळी काय खातात, आणि ते कसे करतात, ते कृपया उलटटपाली कळवावे.