नंदादीपाची भिंत

शिरगाव, बदलापूर (पूर्व)
१५ ऑक्टोबर १९८८

ती. स्व. दादास,
मालूचा साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे खुशाल. वहिनीला म्हणावं, तिच्या हातची भाजणी संपली, आणि इथल्या गिरणीत काय दळून मिळतं ते विचारूच नकोस.

नवं घर छान आहे. कंपनीत ह्यांच्या डोक्यात शिरलेलं ते मेण अखेर आमच्या भिंतीत शिरलं. पश्चिमेच्या भिंतीत विटांच्या मधे मेणाने भरलेले पत्र्याचे डबे आहेत. दिवसा मेण वितळतं आणि ऊन पिऊन घेतं, रात्री गोठताना ऊब सोडतं. दुपारी खरंच गार वाटतं रे! सासूबाई मात्र "डबड्यांचं घर" म्हणून नाक मुरडायच्या.

आता मुरडत नाहीत. त्यांच्याच हट्टावरून गवंड्याने त्या भिंतीत देवाचा कोनाडा खोदला. घटस्थापनेला तिथे नंदादीप लागला आणि तिसऱ्या माळेला दिव्याखालून भिंत पाझरू लागली. छिन्नी डब्याला लागली असणार. सासूबाईंनी हात जोडले, "देवीला घाम आला गं बाई! श्रीपाद, तुझ्या भिंतीत देवी उतरली." आळीतल्या बायका ओटी घेऊन येतात, तो ओघळ कपाळाला लावतात. ह्यांचा चेहरा बघायला हवा होतास. जन्मात पहिल्यांदा आईने शाबासकी दिली.

पण प्लास्टर मेणाने चिंब झालंय, आणि त्यातच ज्योत. मी म्हटलं, दिवा तरी दुसरीकडे ठेवू. सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या. मागे एकदा दिवा हलवताना विझला आणि त्याच वर्षी त्यांचा थोरला गेला. हे दिव्यात तेल घालत राहिले. मलाच एकटीला भीती वाटतेय असं समजून काल मी कोनाड्याखाली दोन बादल्या पाणी भरून ठेवलं. सकाळी पाहते तर ह्यांनी ते ओतून बांधकामाची उरलेली वाळू भरली होती. हळूच म्हणाले, "पेटत्या मेणावर पाणी कधी टाकू नकोस, मालिनी. भडका उडतो."

म्हणजे ह्यांना ठाऊक आहे, दादा. सगळं ठाऊक आहे.

मंगळवारी अष्टमी. बायका त्या भिंतीशी दिवे लावायला येणार, घरटी एक. आणि कुमारिका म्हणून आमची नीलिमा पाटावर बसणार, भिंतीला पाठ लावून. नवं परकर-पोलकं रोज उलगडून बघते, "मामी येणार ना?" विचारते.

मामी नको. तूच ये, सोमवारी. आईने अंथरूण धरलंय, नात हवी म्हणते, काहीही सांग. मी सगळ्यांदेखत तुझ्याशी भांडेन, सणाची पोरीला नेतोस म्हणून बोल लावीन. ऐकू नकोस. तिला उचल आणि स्टेशन गाठ.

मी येणार नाही. सासूबाई दिव्यापुढून हलत नाहीत आणि हे त्यांच्यापुढून. ह्यांचा इतका राग येतो की बोलवत नाही, पण एकटं टाकवतही नाही.

पोस्टाला उशीर होईल म्हणून हे पत्र तिकडेच निघालेल्या शेजारच्या बनूबाईंच्या हाती पाठवतेय. उत्तर लिहीत बसू नकोस. सोमवारीच ये. मंगळवारी नको.

तुझी,
मालू