चौकड्याच्या कापडावरचे डाग

नरोली, सिल्व्हासा
मे १९९२

तीर्थरूप कारभारीमामांस,

दोन्ही डोळे जागेवर असलेल्या गोकुळचा साष्टांग नमस्कार. मामींचे गुडघे कसे आहेत? तुमचा खोकला? मी इकडे ठीक आहे असं लिहिणार होतो, पण तुमचं कार्ड आल्यापासून जिवाला थारा नाही. लिहितानासुद्धा सारखा उठतोय, बसतोय. नारायणतात्या म्हणतात, जावयाचे डोळे गेलेत, आंधळ्याच्या गळ्यात सरिताला बांधणार नाही. अहो, सुपारी फुटली, तारीख काढायची तेवढी राहिली, अन् आता हे! (ही बातमी आखाजीच्या सणाला गावी आलेल्या गजाननने पोचवली, हे सांगायला ज्योतिषी नको. माझ्याच खोलीत राहतो, माझाच साबण वापरतो.)

खरं काय झालं ते ऐका. मी खडोलीच्या मिलमध्ये फोल्डिंग खात्यात चेकर. तयार कापड टेबलावरून सरकतं, त्यातला दोष शोधायचा, खडूने खूण करायची. मागे पडद्यांचं नवं कापड आलं. काळेभोर चौकोन अन् त्यांच्यामधून आडव्याउभ्या पांढऱ्या पट्ट्या. बघतो तर पट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात, त्या प्रत्येक चौकात राखाडी डाग! खडू नेला की तो डाग गायब, अन् शेजारचे सगळे हजर. मी पार वैतागलो. (घरात विंचू दिसला की तो सापडेपर्यंत मी झोपत नाही, मामींना विचारा.) शेजारच्या टेबलावरच्या गजाननला बोलावलं, तोही म्हणाला डाग आहेत. मग काय, सगळा माल अडवला अन् धुवायला परत पाठवला. धुऊन आला, डाग तसेच. पुन्हा पाठवला. ट्रकवाला दारात शिव्या देत उभा, म्हणून खुद्द शेठ आले. त्यांनी भिंग काढून एकेका चौकावर रोखलं, अन् जिथे रोखावं तिथे स्वच्छ! मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, "कोने डाघ देखाय छे?" सगळे आपापल्या टेबलाकडे वळले. गजाननने तर चक्क नाही म्हणून मान हलवली. मी म्हणालो, "शेठ, मला दिसतात." झालं. डोळे तपासून चिठ्ठी आण, तोवर कामावर येऊ नकोस.

मामा, मी वेडाच व्हायचा राहिलो. खिडकीची जाळी, दवाखान्याची फरशी, दिसेल तिथे डाग शोधायचो. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टर वासंतीबाईंनी (रत्नागिरीकडच्या, तोंडाने फटकळ) तपासलं, कापडाचा तुकडा बघितला अन् हसायलाच लागल्या. म्हणाल्या, मलाही दिसतात. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर उजेड टिपणाऱ्या पेशी असतात, पण त्यांची खबर थेट मेंदूला जात नाही, वाटेत मधल्या पेशी बसलेल्या. एका जागेला उजेड मिळाला की त्या आजूबाजूच्यांचा आवाज दाबतात, त्यामुळे वस्तूच्या कडा ठळक दिसतात. पांढऱ्या पट्टीला दोन बाजूंनी उजेडाचा शेजार, चौकाला चारी बाजूंनी. म्हणून चौक जास्त दाबला जातो अन् मळका दिसतो. रोखून बघताना डोळ्याचा अगदी मधला भाग कामाला येतो, तिथे शेजार एवढुसाच, म्हणून डाग जातो. निदान शास्त्रवाले तसं मानतात, म्हणाल्या. मला लगेच पटलं. आपल्या भाऊबंदकीत दुसरं काय चालतं? एकाकडे दिवा लागला की चौघे फुंकायला तयार. थोडक्यात, डाग दिसतात म्हणजे डोळे चांगले. तशी चिठ्ठी मिळाली, कामावरही घेतलं.

आता तात्यांना तेवढं पटवा. बघायला आलो तेव्हा सरिताने विचारलं होतं, कंपनीत काय करता? मी म्हणालो, दोष काढतो. तर भर बैठकीत ती खुदकन हसली. तेव्हापासून मला दुसरी मुलगी नको आहे, मामा.

तुमचा भाचा,
गोकुळ

ता.क. पाकिटात त्याच कापडाचा तुकडा आहे. (चिंध्यांतला आहे, चोरलेला नाही.) तात्यांसमोर पसरा. डाग दिसले तर माझे डोळे त्यांच्याइतकेच धड. नाही म्हणाले तर त्यांनाच इकडे घेऊन या, वासंतीबाई तपासतील.

आणखी ता.क. तात्या मुद्दामच नाही म्हणतील. म्हणून सरितालाही तिथेच बसवा अन् बापाच्या देखत विचारा. खरं तर मला तेवढंच कळायचं आहे.

शेवटचं ता.क. अन् ती बापाला घाबरून नाही म्हणाली, तर मला तसं कळवू नका. दिसतात म्हणाली, असंच लिहा.