नाल्यापलीकडचं झाड वाचनालयाला

१८ मार्चच्या ग्रामसभेत अध्यक्ष इसरूभाऊंनी मला भर सभेत विचारलं, "वाचनालयाचं छप्पर बांधाले निंगाला, पण तुह्याजवळ द्याले हाय काय?" आणि मी ताडकन उठून ओरडलो, "मोहाचं झाड हाय!" त्या घटकेपासून माझं आयुष्य माझ्या हातात राहिलेलं नाही. म्हणून मी, पियुष सुकलू नाकाडे, वय तेवीस, राहणार मौजा हिरवाटोला, तालुका कुरखेडा, जिल्हा गडचिरोली, शिक्षण बी.एस्सी. दुसरं वर्ष अर्धवट, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे आणि काहीही न पिता, हे मृत्युपत्र गावच्या वाचनालयाच्या टेबलाशी बसून स्वतःच्या अक्षरात लिहितो.

मला मरायची मुळीच घाई नाही. पण माझं झाड नाल्यापलीकडे आहे आणि तिकडे आठ दिवसांपासून वाघाची पावलं उमटत आहेत. वनरक्षकांनी भोंग्यावरून सांगितलं आहे की एकट्यानं जाऊ नका, उन्ह वर आल्याशिवाय जाऊ नका, वाकून वेचताना एकानं उभं राहून राखण करा. काल आई, म्हणजे रुखमाबाई, म्हणाली, "एवढा मराचाच शौक हाय त लिहून ठेव बापा, तुही गाडी कोणाले द्याची ते." ती रागानं बोलली. मी रागानं लिहायला बसलो. आता राग उतरला, पण लिहायला मजा येते आहे.

कलम १. झाड कागदावर जंगलाचं आहे. पण त्याच्याखाली पडलेली फुलं वेचायचा मान माझ्या आजोबांपासून आमच्या घराचा, हे गाव जाणतं. दुसरं कोणी तिथे टोपलीसुद्धा टेकवत नाही. या मोसमातली त्याची सगळी फुलं मी वाचनालयाला देतो. पुढच्या मोसमापासून मान पूर्ववत आईचा. या झाडावर आमच्या घरची तेल-मिरची चालते, हे सभेत ओरडताना मी विसरलो होतो. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकर वाढता वाढता म्हणाली, "देल्लं त देल्लं. पण तिथी पंख्याखालची खुर्ची मह्या नावानं ठेवाची. वाचता नाई येत त काय झालं, बसता येते मले." तरी नवीन छपराखालची पंख्याजवळची खुर्ची आईची राहील. त्यावर पोलीस भरतीवाल्यांनी बसू नये.

कलम २. हे सर्व कशासाठी, ते नंतर वाचणाऱ्याला कळावं म्हणून लिहितो. वाचनालयाच्या छपराचे कवेलू फुटले, खालचे लाकडी फाटे उधईनं, म्हणजे वाळवीनं, खाल्ले, दर पावसाळ्यात पुस्तकं ताडपत्रीत बांधून राइस मिलमध्ये ठेवावी लागतात. जिल्ह्याच्या समितीनं लेखी कळवलं की गावानं आपला वाटा एप्रिलअखेर जमवला तर छप्पर मंजूर, नाही तर फाईल बंद. मी ओरडलो त्याच संध्याकाळी शेजारच्या रीनावहिनीनं आपल्या झाडाला चुन्याचा पट्टा मारला, म्हणजे या झाडाची फुलं विकून येणारा पैसा वाचनालयाचा. सकाळी उठून बघतो तर सात पट्टे. काल मोजले, एकेचाळीस! जंगलात शिरलं की जिकडे तिकडे पांढरे पट्टे, जणू झाडांनीच मतदान केलं. कुरखेड्याचे वेल्डिंगवाले नूर मोहम्मदभाई आले आणि म्हणाले, "मेरे पास झाड नहीं है भाऊ, हात हैं." लोखंडी रॅक ते मजुरी न घेता करणार आहेत. आता अख्ख्या गावात पट्टा नसलेलं एकच दिलेलं झाड उरलं आहे, आणि ते माझं. ज्यानं सुरुवात केली त्याचंच झाड कोरं! त्यामुळे आज जाणं भाग आहे.

कलम ३. मोटरसायकल वाचनालयाला. मागे पेटी बांधून टोल्याटोल्यावर, वस्तीवस्तीवर पुस्तकं न्यावीत. उतारावर ब्रेकवर विश्वास ठेवू नये.

कलम ४. जुने हिशेब. हॉस्टेलच्या रेक्टरसाहेबांनी मला "जंगली" म्हटलं आणि मी त्यांच्या टेबलावरचा ग्लोब खिडकीबाहेर फेकला, तिथे माझं कॉलेज संपलं. ग्लोबबद्दल वाईट वाटतं, बाकी कशाबद्दल नाही. नवीन वाचनालयात माझ्या नावानं एक ग्लोब ठेवावा. इसरूभाऊंना माफी नाही. मात्र आज पहाटे ते स्वतः चुन्याची बादली आणि चार काठ्या घेऊन पायरीवर येऊन बसले आहेत, म्हणून राग तूर्त स्थगित.

कलम ५. (हे कलम खोडलं आहे. कारण खाली.) यात मी लिहिलं होतं की अभ्यासाबाहेरच्या पुस्तकाला कधी हात न लावलेल्या मी दोन वर्षांत चौसष्ट पुस्तकं नेली, कारण दर पुस्तकावर तारखेचा शिक्का ग्रंथपाल करिष्मा दडमल मारते. माझं वाचनालयाचं कार्ड, आणि आजवर जे तोंडातून निघालं नाही ते सगळं, तिला द्यावं.

सकाळी किल्ली आणून दार करिष्मानंच उघडून दिलं होतं; आता तिनं माझ्या खांद्यामागे उभी राहून हे वाचलं. मी पान झाकलं, पण उशीर झाला होता.

"कायद्याच्या पुस्तकात काय लिवलं हाय, वाचलं नाई वाटते," ती म्हणाली. "ज्याले काही भेटते, त्यानं साक्षीदार म्हून सही नाई कराची. काट मह्यं नाव. मले सही कराची हाय."

"मंग तुले काहीच नाई भेटन."

"मेल्यावरचं नकोच मले. पलीकडं कितीले निंगाचं, ते सांग. राखणीले मी उभी राहीन, तू वेच."

मी इतक्या जोरानं खोडलं की पान फाटलं. पायरीवरून इसरूभाऊ ओरडले, "पोट्टेहो, वाघ वाट पाहून राह्यला, आटपा!"

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, त्यावर हसत हसत सही केली.

पियुष सुकलू नाकाडे

साक्षीदार:
१. इसरू लांजेवार (कलम ४ मधला राग हा लाभ धरू नये)
२. करिष्मा दडमल

ठिकाण: सार्वजनिक वाचनालय, हिरवाटोला
दिनांक: ३ एप्रिल २०२५, सकाळचे पावणेआठ

कागद शिक्क्याच्या डबीखाली ठेवतो. टोपली करिष्माजवळ, बादली माझ्याजवळ. या दाराची बिजागरी गेलेली आहे, दार उचलून धरल्याशिवाय लागत नाही. उचललं. लावलं.